उणे साठ टक्के पाणी कसं काढायचं? उजनीच्या तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

काम ठरलं. उन्हाळा तापायच्या आत धरणसाठ्याचा आठवड्याचा तक्ता नव्याने मांडायचा. छापील पानावर तीन कॉलम, मोबाइलवर एक स्क्रीन. धरणं चार ओळींत : उजनी, जायकवाडी, कोयना आणि पुण्याची खडकवासला साखळी. आमचा वाचक बहुतेक सोलापूर जिल्ह्यातला, तेव्हा जीव उजनीत; बाकीची तुलनेपुरती.

सध्याचा तक्ता म्हणजे एकसारख्या चार टाक्या, आत निळं पाणी, बाजूला टक्के. दिसायला झकास. पण उजनी उणे झाली, म्हणजे जाहीर टक्के शून्याखाली गेले, की टाकी कोरडी आणि खाली लाल अक्षरांत आकडा. म्हणजे लोक ज्या दिवसांत हा तक्ता रोज उघडून बघतात, नेमक्या त्याच दिवसांत तो काही सांगत नाही. उणे ५ असो की उणे ५५, टाकी तशीच रिकामी. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६०च्या जवळ जाऊन आली, आणि तेव्हाही चित्र जानेवारीतल्यासारखंच होतं.

७ जानेवारी

सगळे आकडे एका पत्रकात आणले.

उजनी : एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी). त्यात मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या नियोजनात न धरलेलं तळाचं पाणी, ६३.६६ आणि त्यावरचं उपयुक्त ५३.५७.
जायकवाडी : एकूण १०२.७३, मृत २६.०८, उपयुक्त ७६.६५.
कोयना : एकूण १०५.२५, त्यात मृत जेमतेम पाचच्या आसपास. बाकी सगळं उपयुक्त.
खडकवासला साखळी : चार धरणं मिळून उपयुक्त २९.१५. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, आणि जिच्या नावाने साखळी ओळखली जाते ती खडकवासला फक्त १.९७.

रोज जाहीर होणारे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. उजनीत निम्म्याहून जास्त पाणी त्या टक्क्यांच्या हिशेबातच नाही. म्हणून उजनी 'शून्य टक्के' असते तेव्हा धरणात ६३.६६ टीएमसी पाणी उभं असतं.

आता हे करून बघितलं : उजनी उणे २०, म्हणजे ६३.६६ वजा १०.७१, उरले सुमारे ५३ टीएमसी. कोयना अधिक २०, म्हणजे सुमारे २५ टीएमसी. पेपरात एका आकड्याला लाल रंग आणि दुसऱ्याला निळा, आणि लाल धरणात दुप्पट पाणी. उजनी उणे ६० झाली तरी साडेएकतीस टीएमसी उरतात. ते वीस टक्क्यांच्या कोयनेपेक्षा जास्तच. शेजारच्या सहकाऱ्याने आकडे पुन्हा मोजून बघितले आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. बरोबर आहेत.

यात लबाडी कुणाचीच नाही. टक्के काढणाऱ्याने नियमाप्रमाणेच काढलेत. पण चार धरणांची टक्केवारी एका ओळीत शेजारी ठेवली की वाचणारा तुलना करणारच, आणि ती तुलना चुकीची.

१० जानेवारी

पहिला कच्चा आराखडा. टाक्या रद्द, त्यांच्या जागी उभ्या पट्ट्या. सगळ्या तळापासून, म्हणजे खऱ्या शून्यापासून, टीएमसीच्या एकाच मापावर. मृतसाठा गडद निळा, वरचा फिका. स्तंभालेख शून्यापासून सुरू करायचा हा नियम आम्ही सगळे घोकलेला. लांबी बघून डोळा मोजतो. खालचा भाग कापला की मोजमापच बिघडतं.

संपादकांनी पाहिलं आणि एका वाक्यात आडवं केलं : "अहो, मेमध्ये लोक म्हणतील, एवढं पाणी आहे तर कालवा का बंद?"

बरोबर आहे त्यांचं. टाकीवाला तक्ता असलेलं पाणी लपवत होता, हा नसलेल्या पाण्याची आशा दाखवतोय. मृतसाठ्यातून पिण्यासाठी नदीत पाणी सोडतात, बॅकवॉटरवाले, म्हणजे धरणाच्या मागच्या फुगवट्याकाठचे शेतकरी, मोटारीने उचलतात, उन्हाने उडतं ते वेगळं. पण आवर्तनाचं, म्हणजे कालव्याला पाळीने पाणी सोडण्याचं, नियोजन त्या पाण्यावर बेतलेलं नसतं. शिवाय ६३.६६ हा आखणीचा आकडा. तळातली काही जागा गाळाने खाल्लेली आहे.

म्हणजे 'शून्यापासून सुरू करा' एवढ्याने भागत नाही. उजनीला दोन शून्य आहेत. एक तळाचं, एक कालव्याच्या नियोजनाचं. दोन्ही खरी. तक्त्यावर दोन्ही दिसली पाहिजेत, आणि कुठलं कोणतं ते न विचारता कळलं पाहिजे.

११ जानेवारी

कालच्यावरून पुढे. पट्टी तळापासूनच. ६३.६६ला जाड काळी आडवी रेघ, तिच्यावर '० टक्के'. डावीकडे टीएमसीचं माप, उजवीकडे टक्क्यांचं. दोन उभे अक्ष असलेला आलेख दिसला की माझ्या कपाळावर आठी येते, कारण साधारणपणे त्यात दोन असंबद्ध गोष्टी ओढूनताणून एकमेकींवर बसवलेल्या असतात. एका अक्षाचं माप थोडं हलवलं की हव्या तिथे रेघा छेदतात, आणि छेद दिसला की वाचणारा त्यात कारण शोधतो. इथे तसं नाही. पाणी एकच, मापं दोन, आणि दोन्ही मापं एकमेकांना खिळलेली. एक टक्का म्हणजे ०.५३५७ टीएमसी, कायमचा. हा अपवाद चालेल.

गाळाचं काय? एका सहकाऱ्याचं म्हणणं, तळाला ठिपक्यांची पट्टी काढू. नको म्हटलं. जाडी कितीची काढणार? काढली की ती मोजली जाणार. गाळ शब्दांत लिहू, चित्रात नाही.

१४ जानेवारी

संक्रांत, अर्धा दिवस. पण एक मासलेवाईक गोष्ट सापडली ती टिपून ठेवतो.

जुन्या आकड्यांच्या पत्रकात काही दिवसांचे रकाने मोकळे आहेत. त्या दिवशीचा आकडा मिळालेला नाही. तक्ता काढणाऱ्या प्रोग्रामने मोकळा रकाना म्हणजे शून्य असं धरलं आणि रेघ शून्यावर आणून परत वर नेली. कोयनेत ते लगेच डोळ्यांत भरलं. ऑगस्टमध्ये ९० टक्क्यांवरून एका रात्रीत शून्य, मग पुन्हा ९०. कुणीही हसेल. उजनीत मात्र तोच घोटाळा फेब्रुवारीत झालेला, साठा अधिक ४च्या आसपास असताना. तिथे शून्य हा अगदी पटण्यासारखा आकडा. अधिक ४, शून्य, अधिक ३. कुणाला शंका येणार? आणि त्याच रेघेवर 'उजनी शून्यावर आली' अशी बातमीही बेतता आली असती.

नियम : मोकळा दिवस म्हणजे तुटलेली रेघ. जोडायची नाही, शून्यावर तर मुळीच आणायची नाही. रेघ तुटलेली बघून लोक फोन करतील, करू देत.

१९ जानेवारी

छापलेले आराखडे घेऊन करमाळा तालुक्यातल्या बॅकवॉटरच्या एका गावी गेलो. पारावर कागद पसरले. शिकवायचं नाही, फक्त 'यात काय दिसतंय' एवढंच विचारायचं असं ठरवून.

एका आजींनी गडद निळ्या भागावर बोट ठेवलं : "ह्यो खालचा गाळ व्हय?"

गडद रंग म्हणजे घाण, चिखल. आम्हाला तो 'खोलचं पाणी' वाटत होता. अजून दोघांनी तेच वाचलं. सूचीत लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं, आणि का वाचावं? रंग बदलायचा : दोन्ही भाग एकाच निळ्याचे, खालच्यावर तिरक्या रेघा. आणि सूची काढून टाकून नाव थेट पट्टीवरच लिहायचं.

जाड काळी रेघ मात्र सगळ्यांना कळली. एक काका म्हणाले, "हितनं खाली गेलं का कालवा बंद." मग थोडं थांबून, "पर आमच्या मोटारीला टक्का कळत न्हाई. पाणी किती खाली उतरलं त्ये सांगा. पाईप किती जोडायचा त्ये ठरवावं लागतंय."

उन्हाळ्यात यांचं आयुष्य पाण्यामागे धावण्यात जातं. पाणी मागे सरतं तशी मोटार पुढे न्यायची, केबल वाढवायची, पाईप जोडायचा, कुठे चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचं. त्यांना टीएमसीही नको आणि टक्केही. त्यांना पातळी हवी, मीटरमध्ये. ती रोज जाहीर होते, पण आमच्या तक्त्यात कधीच नव्हती.

२३ जानेवारी

पातळीचा आलेख. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. टक्के शून्य होतात ती पातळी ४९१.०३. फरक ५.८ मीटर. धरण ५६.४ मीटर उंचीचं, आणि त्यातल्या वरच्या पावणेसहा मीटरमध्ये ५३.५७ टीएमसी, म्हणजे एकूण पाण्याच्या जवळजवळ ४६ टक्के. उजनी ही परात आहे, कोयना कळशी. म्हणूनच जुना टाकीचा आकार मुळातच फसवा : टाकीची भिंत सरळ उभी असते, उजनीची नाही. टाकीत खऱ्या उंचीप्रमाणे पाणी भरलं असतं तर शून्य टक्क्यालाही ती जवळजवळ भरलेलीच दिसली असती.

पातळीच्या आलेखाचा अक्ष शून्यापासून नाही घेतला. इथे शून्य म्हणजे समुद्र. मोटारवाल्याला समुद्राशी काय देणंघेणं? शून्यापासून घेतला तर रेघ वर्षभर सपाट, आणि हाती काही नाही. पट्टीची लांबी मोजतात, म्हणून तिला तळ हवा. रेघेचा चढउतार वाचतात, म्हणून तिला जागा हवी. अक्ष कापला म्हणून ओरडणारे भेटतील. त्यांना पट्टी आणि रेघ यांतला फरक समजावायची तयारी ठेवू. मीटरचे आकडे मात्र रेघेइतकेच ठळक.

रेघेवर एक ओळखीची खूण द्यावी असं वाटतंय. पाणी बरंच उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथाचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं. लोक पातळी अशाच खुणांनी लक्षात ठेवतात. पण नेमकी पातळी कागदावर मिळाल्याशिवाय खूण टाकायची नाही.

२९ जानेवारी

नकाशावर वर्तुळं काढायचा प्रस्ताव होता : प्रत्येक धरणावर साठ्याएवढं वर्तुळ. करून पाहिलं, सोडलं.

उजनीची क्षमता साखळीच्या बरोबर चौपट धरू. वर्तुळाची त्रिज्या चौपट केली तर क्षेत्रफळ सोळापट; उजनी निम्मा जिल्हा गिळते. क्षेत्रफळ चौपट ठेवायचं तर त्रिज्या फक्त दुप्पट, आणि मग डोळ्याला ती चौपट वाटतच नाही, अडीच-तीन पट वाटते. क्षेत्रफळ जोखण्यात माणसाचा डोळा कच्चा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा पाकळ्यांचा आलेख काढला तेव्हा हीच अडचण होती. तिने मोजणी मध्यबिंदूपासूनच्या क्षेत्रफळावर ठेवली. तरीही तो आलेख लागू पडला, कारण फरक अफाट होता : रोगाने मेलेल्यांच्या निळ्या पाकळ्यांपुढे जखमांनी मेलेल्यांच्या पाकळ्या किरकोळ. बारीक तुलना तिला करायचीच नव्हती. (याच बाई पुढे भारतातल्या दुष्काळांवर आणि कालव्यांवरही हिरिरीने लिहीत होत्या. भारतात कधी न येता.) आमच्या धरणांत तुलना बारीक आहे. पट्ट्याच बऱ्या.

३ फेब्रुवारी

आज बराच वाद. सोबतच्या लेखासाठी एक आलेख हवा : १५ ऑक्टोबरला उजनीत किती साठा होता आणि पुढच्या उन्हाळ्यात ती कोणत्या तारखेला उणे झाली. एका सहकाऱ्याने तो काढला, पण फक्त टंचाईच्या वर्षांचा. त्याचं म्हणणं, गोष्ट टंचाईची आहे तर बाकीची वर्षं कशाला? ठिपके विखुरलेले, काही संबंध दिसत नाही, तेव्हा आलेखच टाकू नये.

त्याला चॅलेंजर यानाची हकीकत सांगितली. २८ जानेवारी १९८६ला ते उड्डाणानंतर फुटलं, सातही अंतराळवीर गेले. आदल्या संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत उडवायचं की नाही यावर फोनवर चर्चा झाली होती. बूस्टरच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांवर थंडीचा परिणाम होतो का, हा प्रश्न. बघितलं गेलं ते कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांकडे. त्यात गार दिवस होते, उबदारही होते. संबंध दिसेना. नंतर रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही त्याच कागदावर मांडली. ६६ अंश फॅरनहाइट किंवा वरच्या वीस उड्डाणांपैकी तिघांना इजा; ६३ किंवा खालच्या चारही उड्डाणांना इजा. एकही ठिपका खोटा नव्हता. जे ठिपके घेतले नाहीत त्यांत उत्तर होतं.

तर आमच्याही आलेखात सगळी वर्षं. उजनी तुडुंब भरली ती, उशिरा उणे झाली ती, झालीच नाही ती. न झालेल्या वर्षांना तारीख नसते, म्हणून त्यांचे ठिपके वरच्या वेगळ्या पट्ट्यात. सहकारी वैतागून म्हणाला, मग बातमी काय राहिली? ती आलेख पूर्ण झाल्यावर बघू.

८ फेब्रुवारी

सरासरी. समजा खडकवासला १०० टक्के आणि वरची तिन्ही धरणं ५०. चार टक्केवारींची सरळ सरासरी ६२.५. पाण्याच्या हिशेबाने साखळी ५३.४. खडकवासला सगळ्यांत लहान, लवकर भरते, पुलावरून दिसते आणि फोटोत येते, म्हणून सरासरीत तिचा आवाज मोठा. साखळीसाठी फक्त बेरीज दाखवायची. राज्याची एकच टक्केवारी पहिल्या पानावर टाकायची सवयही मोडावी असं मी सुचवलंय. कोकण भरलेलं आणि मराठवाडा कोरडा असताना 'राज्यात निम्मा साठा' हे वाक्य कुणाच्या कामाचं?

१२ फेब्रुवारी

लाल-हिरवा बाद. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे वाचक असतात, आणि छापखान्यात लाल कधी तपकिरी होऊन येईल सांगता येत नाही. सगळं निळ्यात आणि काळ्यात.

१६ फेब्रुवारी

पावसाळ्याची तयारी आत्ताच. जुलै-ऑगस्टमध्ये टक्के मागे पडतात आणि दौंडचा विसर्ग, म्हणजे दौंडहून नदीने उजनीत येणारं पाणी, पुढे येतो. 'दौंडहून लाख क्युसेक!' असा चढता बाण टाकला की तासाभरात शेअर. वाचणाऱ्याला वाटतं, उद्या सकाळी धरण भरलं.

क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग, टीएमसी हा साठा. लाख क्युसेक सलग चोवीस तास आले तर ८.६४ टीएमसी होतात. उणे ६०वरून शून्यावर यायला ३२ टीएमसी हवेत, म्हणजे तोच लाखाचा विसर्ग पावणेचार दिवस न थांबता. शंभर टक्क्यांना जवळजवळ दहा दिवस. लाखाचा आकडा सहसा काही तासांचा पाहुणा असतो. त्यामुळे पावसाळ्यात बाण नाही. त्या दिवशीच्या विसर्गाने पट्टी किती वर सरकली तेवढा तुकडा वेगळ्या छटेत. लाख क्युसेकचा तुकडा पट्टीवर बोटाच्या पेरापेक्षा लहान येतो. संपादकांना आवडलेला नाही. "एवढुसा?" एवढुसाच आहे.

२१ फेब्रुवारी

जायकवाडीच्या पट्टीवर एक जास्तीची खूण घेतली : उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांना. गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडी या रेघेच्या खाली असली तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो. कोर्टकचेऱ्या, मोर्चे, सगळं त्या एका रेघेभोवती. रेघ उपयुक्त साठ्याची आहे, एकूण साठ्याची नव्हे. एकूणावर ६५ टक्के काढले तर सुमारे ६७ टीएमसी. उपयुक्तावर काढून मृतसाठा मिळवला तर सुमारे ७६. नऊ टीएमसीचा फरक, म्हणजे साखळीतली टेमघर आणि खडकवासला ही दोन्ही धरणं भरून उरतील एवढा. म्हणून ही रेघ उजवीकडच्या टक्क्यांच्या मापावरूनच ओढायची, डावीकडच्या नाही, हे फाइलमध्ये ठळक लिहून ठेवलं.

२६ फेब्रुवारी

छपाईचा नमुना आला. पट्ट्या नीट, तिरक्या रेघा स्वस्त कागदावरही वाचता येतात.

एक राहिलं होतं ते वरचं टोक. उजनी पावसाळ्यात १११ टक्क्यांपर्यंत नेतात, म्हणजे सुमारे १२३ टीएमसी. पट्टी १०० टक्क्यांना संपवली तर वरचं पाणी चौकटीबाहेर जातं. अक्ष १२५ टीएमसीपर्यंत वाढवला आणि ११७.२३ला तुटक रेघ दिली. त्यामुळे उन्हाळ्यात पट्टीच्या डोक्यावर बरीच कोरी जागा राहते. मांडणीवाल्यांनी तिथे जाहिरातीचा छोटा चौकोन बसवायला मागितला; नाही म्हटलं. ती जागा भरायची असते.

मथळ्याचा साचाही ठरला. 'उजनी उणे २०' असं एकटं कधी लिहायचं नाही. 'उजनी उणे २० टक्के; धरणात ५३ टीएमसी, कालव्यासाठी शून्य' असं पूर्ण. लांब होतं हे मान्य. दोन ओळींत बसवू.

पळसनाथाची पातळी अजून कागदावर मिळालेली नाही, खूण रिकामी. पहिला तक्ता सोमवारच्या अंकात.